साडूंची घडीव चाकं

खोट्याची चीड पुष्कळांना असते. पण खोटी वस्तू समोर आली की ज्यांच्या अंगावर खरोखर काटा उभा राहतो असे गृहस्थ कावेरीच्या दोन्ही काठांवर मिळून एकच आहेत, आणि ते माझे साडू आहेत. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. कुंभकोणमात त्यांना सगळे 'रायर' म्हणतात. तंजावरी मराठी माणसाला इथले तमिळ लोक याच नावाने हाक मारतात. त्यांचे पुढचे तीन दात पडून नऊ वर्षं झाली, पण कवळी म्हणजे दातांची नक्कल, म्हणून ते ती लावत नाहीत. मुरुक्कू, म्हणजे इकडची चकली, कॉफीत भिजवून खातात. कॉफीही निखळ, कारण चिकोरी म्हणजे कॉफीचा डुप्लिकेट. गुडघा बदलायला हवा असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. साडूंनी पुढे वाकून विचारलं, "सांधा घडीव आहे कीं ओतीव?" डॉक्टरांनी एक्स-रे पुन्हा उजेडापुढे धरला. चाळीस वर्षांच्या नोकरीत असा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसावा. समाधानकारक उत्तर न मिळाल्याने साडू आजही स्वतःच्या मूळ गुडघ्यावर लंगडतात.

आमच्याच नात्यातल्या एका लग्नात त्यांनी जे केलं त्याने तर सबंध मंगल कार्यालय हादरलं. पंगत बसली, पायसम् वाढून झालं, माझा पहिला घास तोंडात होता. साडूंनी पानाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पान केळीचं नव्हतं, कागदाचं होतं. वर हिरवा रंग, शिराही छापलेल्या. "अण्णा, हें पान वाजतें!" ते मला म्हणाले, आणि सापावर बसल्यासारखे ताडकन उठले. मुलीचे वडील हात जोडून धावत आले. साडूंनी त्यांना मोठ्या मायेने सांगितलं, "तुमची कन्या खरी, जांवई खरा, मग पानच कां खोटें?" गृहस्थांनी परसातून एक खरं पान कापून आणवलं. दीडशे माणसं कागदावर जेवली, साडू पानावर. मला संकोचाने घास गिळवेना. त्यांनी मात्र दोनदा भात मागून घेतला.

या माणसाच्या आयुष्यात खऱ्याचं खरेपण साठवलेली एक जागा होती, ती म्हणजे त्यांच्या जुन्या पांढऱ्या गाडीची चार चाकं. गाडी साधीच, तिच्यासारख्या गाड्या इथे दर गल्लीत दिसतील. पण चाकं जपानी, कांस्य रंगाची, सहा आऱ्यांची, भाच्याने सिंगापूरहून आणलेली. गाडीच्या मूळ लोखंडी चाकांच्या जागी अशी शोभेची आणि हलकी अलॉय चाकं बसवण्याचा शौक इकडच्या तरुणांत फार आहे. त्यात दोन जाती आहेत. नामांकित कंपनीची अस्सल चाकं धातू दाबून घडवलेली असतात. त्यांची हुबेहूब नक्कल साच्यात ओतून करतात. दिसायला जुळी भावंडं, पण खड्ड्यात आपटली की घडीव वाकतं आणि ओतीव तुटतं. जवळच स्वामिमलैला पंचधातूच्या मूर्ती ओततात, म्हणून कोणी वाद घातला की साडूंचं उत्तर ठरलेलं: "ओतीव मूर्तीची पूजा करावी. ओतीव चाकावर बसूं नये." रोज सकाळी ते चाकं पुसायचे, तीही बायकोच्या विरलेल्या रेशमी साडीच्या पदराने. सुती फडक्याने ओरखडे उठतात म्हणे. माझी मेहुणी म्हणायची, "भावोजी, हीं चाकें आधी मिळालीं असतीं तर मज कोण वरलें असतें?" यावर साडू चाक पुसत राहायचे. ते बहुधा विचार करत असत.

आता त्यांच्या कानाबद्दल सांगायला हवं, कारण या लिहिण्याचं कारण तो कान आहे. जवळच्या गोविंदपुरम् आणि मरुदानल्लूरच्या मठांतल्या भजनांत साडू झांजा धरत आले आहेत. पेटीचा एक स्वर केसभर उतरला तरी ते नामस्मरण थांबवतात, देवाला ताटकळत ठेवतात, पण पेटी बदलायला लावतात. तोच कान ते चाकाला लावायचे. गाडी जॅकवर उचलायची, चाक अधांतरी झालं की चिंचेच्या लाकडाच्या एका कांडीने आऱ्यावर हलकेच टकटक करायचं आणि डोळे मिटून ऐकायचं. मी सुट्टीत पुण्याहून आलो की शेजारी उभा राहायचो, पण टायर चढवलेल्या चाकातून मला फक्त 'टक' ऐकू यायचं. त्यांना त्यात धातू, साचा, गाव आणि करणाऱ्याची नियत ऐकू यायची. रविवारी सकाळी तंजावर रस्त्यावरच्या कॉफीच्या दुकानामागे गाड्यांचे शौकीन जमतात. बहुतेक तिशीतले, मन्नारगुडीहून, तंजावरहून येणारे. त्यांच्यात हा सत्तरीचा बोळका म्हातारा न्यायाधीश होता. आधी ते स्वतःच्या गाडीचं चाक वाजवून मूळ स्वर कानात धरायचे, जसा गवई तंबोऱ्यावर षड्ज धरतो. मग दुसऱ्याचं वाजवायचे. जुळलं तर "शरि", म्हणजे ठीक. नाही जुळलं तर एकच शब्द, "डुप्लिकेट". पुढे अपील नव्हतं. आणि पुष्कळ वर्षं त्यांचा एकही निकाल चुकला नाही.

मी निवृत्त होऊन पुण्याहून इकडे परतलो त्याच वर्षी साडू सहा महिन्यांसाठी अमेरिकेला मुलीकडे गेले. तीस वर्षं पुण्यात काढल्यामुळे मला हे असं पुस्तकी मराठी लिहिता येतं. साडूंची मराठी ऐकून तर माझे पुण्याचे मित्र विचारायचे, हे गृहस्थ कुठल्या बखरीतून उतरले? तर जाताना त्यांनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली आणि माझी मूठ स्वतःच्या दोन्ही हातांनी मिटली. "अण्णा, रोज दहा निमिषें इंजिन चालवा. शुक्रवारीं गाडी हातभर पुढें, हातभर मागें ढकला. रस्त्यावर मात्र नेऊं नका. मी कोण्हास नेऊं दिली नाहीं." मी वचन दिलं.

चार महिने पाळलं. मग एका एकादशीला बायकोला गोविंदपुरमच्या विठ्ठलाच्या दर्शनाला जायचं होतं आणि सांगितलेली रिक्षा आली नाही. किल्ली खिशात होती. येताना, कालव्यावरच्या एका छोट्या पुलाजवळ, समोरून बस आली म्हणून मी गाडी कडेला घेतली आणि पुलाचा निखळलेला दगड डाव्या चाकाखाली आला. घडीव चाक तुटलं नाही, पण एका बाजूने असं चेपलं की बायकोने ते बघून तोंडावर पदर धरला. दुसऱ्या दिवशी मी तिरुच्चीला एका चाकांच्या व्यापाऱ्याकडे गेलो. तसलं एक सुटं चाक त्याच्याकडे नव्हतं. पण तो म्हणाला, "तीन चांगली आणि एक वेगळं, असं कोणीही ओळखेल. ती तीन मला द्या, मी चार नवीन देतो. कंपनीचं नावसुद्धा कोरलेलं आहे. चाकांची आई जरी आली तरी ओळखणार नाही." मी घाबरलेला माणूस होतो. घाबरलेल्या माणसाला वाटतं, चार सारख्या खोट्या गोष्टी तीन खऱ्यांपेक्षा सुरक्षित असतात. मी बदली केली आणि बायकोकडून कोणाला न सांगण्याची देवाची शपथ घेतली.

साडू परतले ते घरात पाऊल न टाकता थेट गाडीकडे. जॅक लावला, कांडी काढली. मी खांबाला धरून उभा होतो; कबुली जिभेच्या टोकावर आली होती. त्यांनी एकदा वाजवलं. थांबले. पुन्हा वाजवलं. मान तिरपी केली, कपाळाला आठी पडली. म्हणजे कळलं! मी तोंड उघडणार तोच ते वळले, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. "अण्णा, सहा मास विसावा मिळाला तर पाहा कसा स्वर खालीं येऊन स्थिर झाला! धातूससुद्धा निवांतपण लागतें. तुम्ही चांगलें सांभाळलेंत." त्यांनी मला मिठी मारली. मी आयुष्यात इतका कधी हादरलो नव्हतो. त्यांच्या कानाने फरक पहिल्या ठोक्यालाच पकडला होता. पण चाकावर शंका घ्यायची तर आधी माझ्यावर घ्यावी लागली असती, आणि ते त्यांना सुचलंच नाही. त्या दिवसापासून खोटं चाक हा त्यांचा षड्ज झाला.

त्यानंतरच्या निकालांनी किती अस्सल चाकं नकली ठरवली याचा विचार मी केला नाही, करायचा नाही असं ठरवलं होतं. पण एक निकाल माझ्या डोळ्यांसमोर झाला. पापनाशम् इथे टायर आणि अलाइनमेंटचं दुकान नुकतंच उघडलेला एक मनुष्य एका रविवारी आला. हसरा, हातांना कायम काळं वंगण लागलेलं. त्याच्या गाडीला कांस्य रंगाची, सहा आऱ्यांची चार चाकं होती. मोठ्या अभिमानाने तो सगळ्यांना सांगू लागला, "तिरुच्चीच्या व्यापाऱ्याकडे तीनच होती, रायर अमेरिकेला गेले त्या वर्षापासून पडून. चौथं शोधायला मला दोन वर्षं लागली, शेवटी बंगळूरला मिळालं. रायर, तुम्ही ऐका आणि सांगा. तुमच्याच चाकांची भावंडं आहेत."

माझ्या हातातला कॉफीचा पेला डबऱ्यात, म्हणजे त्याखालच्या पसरट वाटीत, पडला.

साडूंनी आपल्या गाडीचं चाक वाजवलं, मग त्याचं. "डुप्लिकेट."

तो हसला, त्याला थट्टा वाटली. "रायर, चारही ऐका ना."

"शितावरून भाताची परीक्षा होते, बाबा. सगळा भात कशाला चिवडू?"

"पण घडीव आहेत हो, मी स्वतः वजन केलंय…"

"वजन तराजू सांगतो, जात स्वर सांगतो. तुझ्या दुकानात असलीच विकतोस काय?"

कोणीतरी खिदळलं. त्या माणसाचं हसू जागच्या जागी वाळलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. उगाचच, मी वयाने मोठा म्हणून. मी पेला पुसत बसलो. पुढच्या महिन्याभरात त्या दुकानाला 'डुप्लिकेट कडै' नाव पडलं, म्हणजे नकली मालाचं दुकान. शौकीन मंडळींनी त्याच्याकडून चाकं घेणं सोडलं. त्याने चाकं ठेवणंच बंद केलं आणि पंक्चर काढत बसला. तीन वर्षं. पापनाशम् वरून जाताना मी दर वेळी बसच्या दुसऱ्या बाजूला बसायचो.

गेल्या महिन्यात साडू, मेहुणी आणि मी तंजावरला निघालो होतो. गाडी अर्थात साडूच चालवत होते. पापनाशम् च्या अलीकडे रस्ता खोदून नीट न बुजवलेला एक चर होता. वेग फार नव्हता. धाडकन आवाज झाला, गाडी एका अंगावर कलली आणि घासत भाताच्या बांधाला जाऊन टेकली. मेहुणी मागच्या सीटवर "राम, राम" म्हणत होती. कोणाला खरचटलंही नाही, पण पुढच्या डाव्या चाकाचा तुकडाच पडला होता. आरे मोडले होते, आतला धातू दाणेदार, राखाडी, शिळ्या खडीसाखरेसारखा. साडू रस्त्यात उकिडवे बसले आणि तो तुकडा हातात घेऊन म्हणाले, "घडीव तुटत नाहीं. घडीव वाकतें." पुन्हा पुन्हा एवढंच. मी भातशेतातल्या बगळ्यांकडे बघत उभा होतो. मागच्या सीटवर ती बसली होती, माझ्या बायकोची बहीण. एखादा कालवा शेजारी असता तर?

जवळचं दुकान एकच होतं. तोच मनुष्य टेम्पो घेऊन आला. त्याने गाडी उचलली, दुकानात नेली, साडूंना खुर्ची दिली, मेहुणीला पाणी दिलं. चाक काढून आत नेलं आणि मला हाक मारली, "तात्ता, जरा इकडे या." तात्ता म्हणजे आजोबा. त्याने तुटलेली कड दाखवली आणि आवाज खाली आणला. "हे ओतीव आहे. डुप्लिकेट. राहिलेली तीनही तशीच असणार, ती आजच काढा. पण रायरना सांगू नका. मी त्यांना सांगतो, घडीव चाकालासुद्धा वयानं तडा जातो म्हणून. त्यांना हे सोसणार नाही."

ज्याने याचं दुकान बुडवलं त्याला खोटं पडू द्यायचं नाही, म्हणून हा आपल्या धंद्याविरुद्ध खोटं बोलायला तयार होता! आणि ज्याने खोटं केलं तो मी, त्याच्यासमोर, धोतराचा सोगा सावरत उभा. मी बाहेर आलो, साडूंच्या खुर्चीसमोर फरशीवर बसलो आणि सगळं सांगितलं. विठ्ठल, रिक्षा, दगड, तिरुच्ची, शपथ. तमिळमध्ये सांगितलं, त्या माणसालाही कळावं म्हणून. मेहुणीने "अय्यय्यो, भावोजी" एवढंच म्हटलं. साडू ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "मग माझीं कोठें आहेत?"

त्या माणसाने दुकानाच्या मागच्या भिंतीवरचं गोणपाट उचललं; खाली चार चाकं टांगलेली होती. त्या माणसाने ती स्वतःच्या गाडीलाही ठेवली नव्हती, लोक हसायचे. साडू उठले. कांडी गाडीतच राहिली होती, म्हणून त्यांनी बोटाच्या पेराने पहिलं वाजवलं. टायर नव्हता, त्यामुळे या खेपेस मलाही ऐकू आलं: लांबलेला, बारीक, देवळातल्या दूरच्या घंटेसारखा स्वर. दुसरं वाजवलं. तिसरं. चौथ्यापाशी थांबले, पुन्हा वाजवलं, आणि त्या माणसाकडे वळून तमिळमध्ये म्हणाले, "हे एक माझं नाही. हे बंगळूरचं ना?"

बंगळूरचंच होतं. मागे करून ठेवलेली खूण त्यालासुद्धा चाक उलटून बघावी लागली.

मग साडूंनी जे केलं ते मला बघवलं नाही. पंचाहत्तरीच्या जवळ आलेल्या, गुडघ्याने अधू माणसाने तिशीतल्या त्या माणसाचे वंगणाचे हात आपल्या हातांत घेतले आणि सोडेचनात. तो "रायर, असू द्या, रायर, कॉफी सांगतो" असं काहीतरी बडबडत होता. त्याने चाकं परत देऊ केली. साडूंनी नाही म्हटलं. गाडीला कंपनीची साधी लोखंडी चाकं लावून आम्ही घरी आलो.

पुढच्या रविवारी साडू कॉफीच्या दुकानामागे उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पापनाशम् वाल्याची चाकं अस्सल आहेत. माझा कान चुकला. वय झालं. या काही वर्षांत मी दिलेले सगळे निकाल रद्द समजा." एवढंच. माझं नाव नाही, तिरुच्ची नाही. कोणी हळहळलं, आणि एक जण प्रेमानेच म्हणाला, "रायर, आता कानाला मशीन लावा." साडू आपलं बोळकं हसू हसले. ज्यांनी कवळी लावली नाही, गुडघा बदलला नाही, त्यांच्या कानाला यंत्र सुचवलं गेलं आणि मी पुन्हा एकदा पेला पुसत बसलो.

घरी येऊन मी हे लिहायला घेतलं. दोन दिवसांनी साडू आले, कागद पाहिले, चष्म्याशिवाय थोडं वाचलं. म्हणाले, "लिहा, अण्णा, लिहा. मन हलकें होईल. मराठींत आहे, इथें कोण वाचतो?" त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मला सुटका मिळावी म्हणूनच ते बोलले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मीही तीच सुटका धरून मराठीत लिहीत होतो.

म्हणून कालच्या रविवारी मी उभा राहिलो आणि तमिळमध्ये सांगितलं. रायरांचा कान चुकला नव्हता. एकदाही नाही. त्यांच्या हाती मी खोटा स्वर दिला होता. कॉफीवाल्याने ऐकायला बंब बंद केला. पापनाशम् वाला मान खाली घालून बसला होता. त्याला हे आधीच ठाऊक होतं आणि त्याने तेही कोणाला सांगितलं नव्हतं. साडू माझ्यावर आयुष्यात प्रथमच रागावले. "तुम्हांस कोणी विचारलें होतें?" म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

घरापर्यंत यायला पंधरा मिनिटं लागतात. लोखंडी चाकांवर गाडी जरा जड चालते, खड्डे कमरेला कळतात. कावेरीच्या पुलावर पुढे एक बैलगाडी होती, तिच्यामागे आम्ही सावकाश चाललो होतो. तेव्हा त्यांनी समोरच बघत विचारलं,

"अण्णा, त्या दिवशीं गोविंदपुरास जातांना. दगडाच्या आधीं. कशी गेली गाडी?"

मला एकदम समजलं नाही. मग समजलं. दुसऱ्या कोणाला त्यांनी ती कधी चालवू दिली नव्हती. ती चाकं कशी धावत, हे सांगणारा जगात त्यांच्याशिवाय मी एकटा होतो.

"पाण्यावरून गेल्यासारखी," मी म्हणालो. "चालवतोय असं वाटतच नव्हतं."

"हूं," साडू म्हणाले. बैलगाडी उजवीकडे वळली, रस्ता मोकळा झाला, तरी त्यांनी वेग वाढवला नाही. "तशीच जायची."